इंटरकूलरला पाणी दाखवणे

टर्बोचार्जर हे टाकाऊतून टिकाऊ काढणारे यंत्र आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जायचा. टर्बो त्याला वाटेत अडवतो आणि एक चक्र फिरवायला लावतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मिनिटाला लाखभर फेरे हा या दांड्याचा नेहमीचा वेग. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. फुकटात मिळालेल्या या ताकदीचे हप्ते मात्र लोक तेव्हापासून फेडत आहेत, आणि पहिला हप्ता उष्णतेचा आहे.

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना तिचा दाब दुप्पट केला, तर कागदावरच्या निर्दोष कॉम्प्रेसरमधूनही ती ९५ अंशांच्या आसपास बाहेर येते. प्रत्यक्षातला, सत्तर टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर तिला १२५ अंशांच्या घरात नेऊन सोडतो. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबण्याची निम्मी मेहनत फुकट. त्याहून वाईट म्हणजे, ज्वाला आपल्यापर्यंत पोचेल एवढाही धीर सिलिंडरच्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला राहत नाही आणि ते आपल्या आपण भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. गाडीच्या संगणकाला ते ऐकू आले की तो ठिणगीची वेळ मागे ओढतो, आणि मोजून पैसे दिलेल्या अश्वशक्तीतले काही अश्व मुकाट तबेल्यात परत जातात.

यावर उपाय म्हणजे इंटरकूलर. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेली ही अॅल्युमिनियमची जाळी. आतून तापलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो. अट एकच, वारा लागला पाहिजे. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनने ही जाळी बंपरच्या मागे, थेट वाऱ्याच्या तोंडावर ठेवली. सुबारू इम्प्रेझाने ती इंजिनाच्या डोक्यावर आडवी टाकली आणि बॉनेटला एक मोठे नाकाड काढून दिले. नळ्या आखूड झाल्या, टर्बोचा प्रतिसाद चटपटीत झाला; पण गाडी सिग्नलला थांबली की खालचे इंजिन वरच्या इंटरकूलरला शेकत बसते. थंड करण्यासाठी नेमलेला भाग सगळ्यात आधी तापतो. सरकारी खात्यांचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

इथे पाणी येते. डिकीत टाकी, टाकीला काच धुण्याच्या मोटरसारखी एक छोटी मोटर, तिथून नळी, नळीच्या टोकाला इंटरकूलरवर रोखलेले नोझल आणि डॅशबोर्डवर बटण. इम्प्रेझाच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय या अवतारात आणि लान्सर इव्होल्यूशनच्या अनेक पिढ्यांत ही सोय कारखान्यातूनच बसून येत असे. कारण रॅलीच्या नियमांत होते. ग्रुप ए या वर्गात गाडी उतरवायची तर तशाच हजारो गाड्या सामान्य गिऱ्हाइकांसाठी बनवाव्या लागत. आधी ही संख्या ५००० होती, पुढे २५०० झाली. त्यामुळे १९९५ साली सुबारूतून जगज्जेता झालेल्या कॉलिन मॅक्रेच्या आणि १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे मित्सुबिशीतून जिंकलेल्या टॉमी मॅकिननच्या गाड्यांची भावंडे जपानी गृहस्थांच्या दारात उभी राहिली. मुलाला शिकवणीला सोडायला निघालेल्या माणसाच्या हाताशी इंटरकूलर भिजवण्याचे बटण आले. हाताशी आलेले बटण माणूस दाबतोच.

पाणी नेमके काय करते, याबद्दल मात्र बटण दाबणाऱ्यांत बराच गैरसमज आहे. पाणी गार असते म्हणून इंटरकूलर गार होतो, ही समजूत जवळजवळ चूक आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापताना सुमारे १७० किलोज्यूल उष्णता घेते. तेच पाणी वाफ होऊन उडून जाताना २३०० किलोज्यूलच्या वर घेऊन जाते. सगळी करामत उडून जाण्यात आहे. टाकीत बर्फ टाकणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत: वितळणारा बर्फ किलोमागे ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे एवढ्या खटाटोपात वाफेच्या सातव्या हिश्शाइतकीच कमाई. मेथनॉलसारखे स्पिरिट मिसळणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. मेथनॉल उडते झटकन, पण उडताना नेते पाण्याच्या निम्म्याहून कमी, आणि शेजारी लालभडक एक्झॉस्ट असताना त्याला भडकायला निमित्त लागत नाही.

आता किती पाणी लागते ते पाहू. दोन लिटरचे इंजिन, दुप्पट दाब, मिनिटाला सहा हजार फेरे असतील, तर सेकंदाला साधारण २०० ग्रॅम हवा आत जाते. ती १० अंशांनी आणखी थंड करायला दोन किलोवॅट उष्णता काढून घ्यावी लागते. त्यासाठी सेकंदाला एक ग्रॅमही पाणी लागत नाही. मिनिटाला पन्नास मिलिलिटर पुरे, अट एवढीच की त्यातला थेंबन् थेंब वाफ झाला पाहिजे. बदल्यात हवेची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. तीनशे अश्वशक्तीच्या गाडीत ढोबळमानाने नऊ अश्व, शिवाय नॉकिंगपासून थोडा दिलासा. वजन कमी करायला मागचे सीट आणि स्टेपनी काढून ठेवणारा हौशी माणूस हे नऊ अश्व मिळावेत म्हणून त्याच डिकीत दहा लिटर पाणी भरतो आणि दोन्ही कामांबद्दल स्वतःवर खूश असतो.

थेंबन् थेंब वाफ करणे हेच अवघड. काच धुणाऱ्या नोझलची जाड धार जाळीवर आपटते, ओघळते आणि बंपरखाली टपकू लागते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काचेवर टकटक करून “ओ भाऊ, रेडिएटर गळतोय,” असे कळकळीने सांगतो, आणि मग सिग्नल सुटायच्या आत त्याला बाष्पीभवनाचा सिद्धांत समजावावा लागतो. उलट, थेंब फारच बारीक केले तर वेगात ते जाळीला चिकटतच नाहीत, वाऱ्याबरोबर पातींमधून आरपार निघून जातात. पॉलिहाउसमध्ये वापरतात तसली फॉगरची नोझल हौशी लोकांना यातला मधला मार्ग वाटतात, आणि ती निवड शहाणपणाची आहे. ती बसवायची जाळीच्या त्या टोकाकडे, जिथे टर्बोकडून येणारी हवा आत शिरते. तिथे पाती सगळ्यात तापलेल्या असतात.

दमट हवेत हे चालते का, हा रास्त प्रश्न आहे. नागपुरात मे महिन्यात खोली गार करणारा डेझर्ट कूलर मुंबईत नेला की नुसता चिकचिकाट वाटत सुटतो. पण कूलरची ताटी हवेपेक्षा जास्त तापलेली नसते. इंटरकूलरच्या पाती साठ-सत्तर अंशांवर असतात. त्यांच्यावरचे पाणी स्वतःच इतके तापते, की हवा दमट असली तरी त्याला उडून जाता येते. फायदा घटतो, संपत नाही.

फवारायचे कधी, यावर यंत्रापेक्षा माणसाचा स्वभाव जास्त आडवा येतो. अॅल्युमिनियमची जाळी थोडी उष्णता पोटात ठेवू शकते, त्यामुळे दोन-तीन सेकंदांच्या झपाट्याला पाण्याची गरजच पडत नाही. गरज पडते लांबलचक चढावर, शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपाशी, किंवा गर्दीत शेकून निघाल्यावर. म्हणून चांगली यंत्रणा बटणावर विसंबत नाही. बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेला, दाब आणि इंटरकूलरचे तापमान दोन्ही पाहून मोटर चालू करते. बटणवाला चालक मात्र मित्र शेजारी बसला की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये टाकी रिकामी करतो, आणि घाट सुरू होतो तेव्हा मोटर कोरडीच घरघरत असते.

टाकी भरण्याचा आळस तर फार जुना आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी-मेथनॉलचे मिश्रण बाहेर न फवारता थेट इंजिनाच्या हवेत सोडले जाई. त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे दणदणीत नाव होते. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट आवरते घेई. कित्येक मालकांनी टाकी भरलीच नाही आणि गाडीला जोर नाही म्हणून तक्रार केली.

राहता राहिली देखभाल. बोअरचे पाणी वापरले तर ते उडून जाते, पण क्षार पातींवर ठेवून जाते. काही महिन्यांत पांढरा थर चढतो आणि गार करण्यासाठी मारलेल्या पाण्यामुळेच उष्णता आत अडकू लागते. म्हणून बॅटरीवाल्याकडचे डिस्टिल्ड पाणी बरे. नोझल चोंदले तर लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे; टाचणीने टोकरले तर भोक मोठे होते आणि पुन्हा जाड धार सुरू होते. पावसाळ्यात फवाऱ्याचे काम आभाळच करते, तेव्हा टाकी रिकामी करून ठेवावी. साठलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरतो आणि तो पुढच्या उन्हाळ्यात नळीतून थेट नोझलपर्यंत पोचतो. डास होऊ नयेत म्हणून साठवणीची भांडी रिकामी करायचा आरोग्य खात्याचा कोरडा दिवस डिकीपर्यंत येत नाही. तो ज्याचा त्यानेच पाळायचा.