भरतीवाला

पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, म्हणजेच भरतीवाला, दौंड तालुक्यात बाराही महिने आढळतो. वय १८ ते २८, मागास प्रवर्गातला असेल तर ३३ पर्यंत. शिक्षण किमान बारावी. उंची १६५ सेंटीमीटर किंवा तसा दावा. तो नोकरीला नसतो आणि रिकामाही नसतो. पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याने "सध्या काय चाललंय?" असे विचारले की "भरती करतोय" असे उत्तर येते. पाहुणा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न गिळतो. हा मान ठेकेदाराकडे बारा तास राबणाऱ्याला मिळत नाही. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पोराला मुलीचा बाप "पर्मनंट आहे का?" असे तोंडावर विचारतो. भरतीवाल्याला मात्र "निकाल लागू द्या, मग बसू" अशी मुदत मिळते.

दौंडला हे पीक जोमाने येण्याचे कारण जमिनीत आहे. राज्य राखीव पोलीस बलाचे, म्हणजे एसआरपीचे, गट क्रमांक ५ आणि ७ इथे आहेत, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. गोपाळवाडी, लिंगाळी, गिरीम भागातल्या पोराने शाळेत जाताना अआइईच्या आधी कदमताल ऐकलेला असतो. एसआरपीतला एखादा मामा किंवा चुलता प्रत्येक भावकीत सापडतो, आणि तो बंदोबस्ताला बाहेरगावी असतो तेव्हाही घरातल्या चर्चेत हजर असतो.

भरतीवाल्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. त्याचा स्वतःचा कमी, घरच्यांचा जास्त. आई मोड आलेले हरभरे काढते, भिजवलेले बदाम मोजून देते, आणि डेअरीला जाणाऱ्या दुधातले लिटरभर आधी बाजूला पडते. पोरगा कालव्याच्या भरावावरून किंवा कुरकुंभ रस्त्याने पळत सुटतो. गाळपाच्या दिवसांत उसाच्या दुहेरी ट्रॉल्या त्याच रस्त्याने येतात. त्यांना वाट देण्यात गेलेली सेकंदे तो घरी आल्यावर टायमिंगमधून वजा करतो. अंगात अकॅडमीचा टी-शर्ट असतो. त्यावर मागच्या बाजूला खाकीविषयी एक जहाल वाक्य आणि त्याखाली सरांचा मोबाइल नंबर असतो.

मुलींची तयारी अधिक मुकाट चालते. त्यांना ८०० मीटर धाव, चार किलोचा गोळा आणि १५५ सेंटीमीटर उंची लागते. अंधारात मुलगी पुढे पळते आणि मागून बाप मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये रेटत, हेडलाइटचा झोत तिच्या पायांपुढे धरून येतो. या प्रकारात दम बहुधा मोटरसायकलचा लागतो. गावात त्यावर कोणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याची भाचीही पुढच्या भरतीला असते.

मैदानी चाचणी, म्हणजे ग्राउंड, ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळ्याचे १५. सोळाशे पाच मिनिटे दहा सेकंदांत मारली, शंभर साडेअकरा सेकंदांत काढली आणि गोळा साडेआठ मीटर टाकला, की पैकीच्या पैकी. गावातल्या मैदानावर हे रोज घडते. "गोळ्यात आउट ऑफ आहे" असे न म्हणणारा भरतीवाला अजून भेटायचा आहे. खऱ्या मैदानावर मोजणी यंत्राने होऊ लागली आणि तालुक्यातले बरेच विक्रम बुडाले. मग कारणे पुढे येतात: चिप उशिरा वाजली, ट्रॅक भुसभुशीत होता, पुढच्याने लेन दाबली. २०२४ ची भरती १९ जूनला ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली, तेव्हा चिखलाचे कारण निदान खरे होते.

नियमही एका जागी ठरत नाहीत. पूर्वी धावण्याचे अंतर पाच किलोमीटर होते, मग ते कमी झाले. २०१९ मध्ये लेखी आधी आली, २०२२ मध्ये पुन्हा ग्राउंड आधी आले. त्यामुळे ज्येष्ठ भरतीवाला स्वतःला एखाद्या कालखंडाचा साक्षीदार मानतो आणि नव्या पोरांना "आमच्या वेळी पाच किलोमीटर होती" असे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सांगतो. एसआरपीला ती अजूनही आहे, हे तो मध्येच विसरतो.

उंचीचे प्रकरण वेगळे. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो, हे शरीरशास्त्र दौंडच्या प्रत्येक साडेचौसष्टवाल्याला तोंडपाठ आहे. असा उमेदवार मोजमापाच्या दिवशी जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून नेतात. त्याला वाटेत चहालाही उठवत नाहीत. बशीतला चहा तोंडाशी धरला जातो आणि मैदानाच्या फाटकाशी दोघे मित्र त्याला अलगद उभा करतात. छातीचे त्यामानाने सोपे: न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटीमीटर वाढ. ती फुगवण्याचा सराव वर्षभर चालू असतो, विशेषतः कॉलेजच्या बस थांब्यावर.

मात्र भरतीवाल्याची खरी बुद्धी दिसते ती फॉर्म भरताना. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शिपाई, चालक, एसआरपी, कारागृह शिपाई असे वेगवेगळे अर्ज चालतात, पण शिपाईपदासाठी पुणे ग्रामीण धरले की मुंबई सुटते. त्यामुळे जागा निघाल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत तालुक्यात राजकारणाला लाजवील असे खलबत चालते. मुंबईला जागा जास्त, पण गर्दीही जास्त. घरच्या घटकात राहायची सोय, पण मेरिट चढे. लांबच्या जिल्ह्यात मेरिट कमी लागेल, अशी बातमी कोणाच्या तरी मेव्हण्याने दिलेली असते. खरा बेत जिवलग मित्रालाही सांगत नाहीत. सोलापूर सांगायचे आणि फॉर्म रायगडला टाकायचा. जंक्शन असल्याने दौंडहून कुठेही जाता येते. ठरलेल्या पहाटे दोघे जिवलग मित्र रायगडच्या एकाच रांगेत एकामागे एक उभे सापडतात आणि दोघेही "ऐनवेळी बदललं रे" म्हणतात.

अर्जासोबत दाखले लागतात. जातीचा, नॉन क्रिमिलेयर, अधिवास, आणि उजनी धरणात जमीन गेलेल्या घरांत प्रकल्पग्रस्ताचा. आजोबांची जमीन पाण्याखाली गेली, तिचा पहिला प्रत्यक्ष उपयोग नातवाला समांतर आरक्षणात होतो. हे सगळे कागद, तीन-तीन झेरॉक्ससह, एका प्लास्टिक फोल्डरमध्ये राहतात. घराला आग लागली तर आधी काय काढायचे, याबद्दल घरात दुमत नसते.

मैदानातून एका जागेमागे दहा उमेदवार लेखीला बोलावतात. १०० गुण, ९० मिनिटे: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. पहाटेची धाव दुपारी अभ्यासिकेत वसूल होते. दोननंतर तिथे वाळंब्यांच्या व्याकरणावर डोके टेकून एक अख्खी बॅच झोपलेली दिसते. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे प्रत्येकाला येते. त्यातला समास विचारला की खलनिग्रह बाजूला राहतो.

२०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी पावणेअठरा लाखांच्या आसपास अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभर. त्यामुळे निकालाआधी भीमेपलीकडे सिद्धटेकला जाणे आले. तिथल्या टेकडीसकट मोठ्या प्रदक्षिणेला चालत अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. भरतीवाला ती पळत घालतो आणि टायमिंगही लावतो. यादी लागते तेव्हा न लागलेले सगळे एकाच मार्काने गेलेले असतात. दोन मार्कांनी हुकलेला उमेदवार तालुक्याच्या ज्ञात इतिहासात नाही.

लागलेल्याचा फ्लेक्स कुरकुंभ मोरीच्या अलीकडे झळकतो, उघड्या जीपमधून गुलाल उधळला जातो, आणि कधी पाणी न विचारणारे पुढारी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. त्यानंतर त्याची रवानगी प्रशिक्षणाला होते, तिथे कोणी त्याला साहेब म्हणत नाही. पुढे गणपती, निवडणूक, सभा, वारी असा बंदोबस्त लागतो. पहाटे साडेचारला उठण्याची सवय तेवढी उपयोगी पडते.

वयात बसेनासा झालेला भरतीवाला फार दिवस घरी बसत नाही. त्याच्याकडे एक गोळा, एक शिट्टी, स्टॉपवॉच आणि दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. पड रान भाड्याने घेऊन तो चुन्याने ट्रॅक आखतो, टी-शर्ट छापायला टाकतो आणि सर होतो. फी दोन हप्त्यांत घेतो. पहिला प्रवेशाच्या वेळी, दुसरा ग्राउंडच्या आधी. निकालानंतरच्या हप्त्याचा प्रयोग त्याने एकदा करून पाहिलेला असतो.