शातता राखा

आमच्या शाळेत कटिंग मशीन आलं ते माजी विद्यार्थ्यांच्या कृपेनं. कोल्हापुरात दहावीच्या प्रत्येक बॅचचं कधी ना कधी गेट-टुगेदर होतं. रात्री तांबडा-पांढरा होतो, आणि दुसऱ्या दिवशी जड डोक्यानं मंडळी शाळेला काहीतरी देऊन जातात. आजवर पाण्याचे तीन फिल्टर, एक माइक आणि सरस्वतीच्या दोन मूर्ती मिळाल्या होत्या. यंदाच्या बॅचमधला एकजण पुण्यात डिझाइनच्या धंद्यात आहे, त्यानं हे दिलं. हार्मोनियमएवढं यंत्र. दिसायला प्रिंटर, पण शाईच्या जागी पातं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, बारा इंची चिकट तक्त्यावर कागद किंवा स्टिकरची शीट डकवायची, आणि यंत्र तो आकार कापून देतं. सहावी ते आठवीच्या डिझाइनच्या तासाला ते वापरायचं ठरलं आणि मी चित्रकलेचा शिक्षक असल्यामुळं ते माझ्या गळ्यात पडलं.

माझा जन्म एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात गेला. ‘फूटपट्टी लावू नका, हात मोकळा सोडा’ हे वाक्य मी झोपेतही म्हणतो असं घरचे सांगतात. अशा माणसाच्या हाती कधीच न चुकणारं यंत्र देणं म्हणजे शाकाहाऱ्याला मटणाच्या खाणावळीत गल्ल्यावर बसवण्यापैकी आहे.

पहिल्या दिवशी बटण दाबलं. आतला गाडा सरसर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, थांबला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, शड्डू ठोकतंय!” तेव्हापासून त्याचं नाव पैलवान. दुसरा आवाज आला, “सर, खोलून बघूया काय?” हे मला अपेक्षितच होतं. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला तो याच गावात, आणि १९२०चा ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला तोही इथूनच. तेव्हापासून आमच्याकडं कुठलंही यंत्र आलं की ते चालतं का, यापेक्षा आत काय आहे याचीच उत्सुकता जास्त.

न खोलताच बाहेरून दिसलं ते असं. पातं चिमुकलं, टोक कागदात मिलिमीटरच्या अंशाएवढं घुसणारं. त्याला कुणी वळवत नाही. ते दवाखान्यातल्या खाटेच्या चाकासारखं मोकळं फिरतं, जिकडं ओढावं तिकडं तोंड करतं. आणि स्टिकर कापताना वरचा थर कापायचा, खालच्या कागदाला ओरखडाही उठू द्यायचा नाही. हे बघून मी हबकलो. सातवीतला एक मुलगा मात्र जांभई देत होता. त्याच्या वडिलांचं रेडियमचं दुकान आहे.

रेडियम म्हणजे गाड्यांवर ‘आई अंबाबाई प्रसन्न’ चिकटवतात ते. मूळ रेडियम क्युरी दांपत्यानं १८९८ साली शोधलं. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग देत, ते अंधारात चमकत. त्यावरून हे नाव आपल्या नंबरप्लेटवर येऊन चिकटलं असावं. शीटमध्ये रेडियमचा कणही नसतो. कोल्हापुरी मिसळीत कोल्हापूर असतं तेवढंही नाही. अशी अक्षरं यंत्रानं कापायचा उद्योग अमेरिकेतल्या जोसेफ गर्बरच्या कंपनीनं १९८३ साली बाजारात आणला. हे गर्बर मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेलेले. कॉलेजात असताना आलेख मोजायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी पायजम्याचं इलॅस्टिक उपसून त्याची ताणता येणारी मोजपट्टी केली, आणि पुढचा सगळा कारखाना त्या मोजपट्टीवर उभा राहिला. ही गोष्ट वर्गात सांगायची चूक मी केली. आठवडाभर मुलांच्या आया मला रस्त्यात गाठून विचारत होत्या.

पहिला शब्द कापायला घेतला ‘शाळा’. पडद्यावर सुरेख दिसत होता. पैलवानानं तो कुरकुरत कापला, आणि उचलायला गेलो तर हातात आले तुकडे. ‘श’ वेगळा, काना वेगळा, ‘ळ’ वेगळा, त्याचा काना आणखी वेगळा. कॉम्प्युटरमधलं प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावरची रेघ आपल्यापुरती घेऊन येतं. शेजारच्याच्या रेघेवर ते जरासं चढलेलं असतं, म्हणून आपल्याला सलग शिरोरेखा दिसते. यंत्राला ती दिसत नाही. ते प्रत्येकाची हद्द मोजून कापतं, एखाद्या भाऊबंदकीतल्या सर्व्हेअरसारखं.

“वेल्ड करायला लागतंय सर,” रेडियमवाला म्हणाला. उद्यमनगरच्या कारखान्यांच्या कडेला वाढलेला मी माणूस. मला वाटलं ठिणग्या उडणार. त्यानं सगळी अक्षरं निवडून एक बटण दाबलं आणि रेघा एकमेकींत विरघळल्या. तीस वर्षं मी मुलांना ‘आधी अक्षरं, मग वरची रेघ’ शिकवतोय. ती रेघ शब्दाला धरून ठेवते, नुसती टोपी नसते, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

मग स्टेन्सिल करायला गेलो तेव्हा ‘ळ’ची दोन्ही पोटं गळून पडली. आतला भाग बाहेरच्याशी जोडणारी बारीक पट्टी ठेवायला हवी होती. रांगोळीच्या छाप्यात, पोत्यांवर मारायच्या पत्र्यात लोक ती कायम ठेवत आलेत. आम्ही विसरलो.

यंत्राचं काम एका मिनिटात संपतं. खरं काम त्यानंतर. कापलेल्या शीटमधून नको तो भाग सुईनं उचलून काढायचा आणि हवा तो कागदावर राहू द्यायचा. ‘ढ’च्या पोटातला ठिपका, ‘रू’च्या शेपटीतली फट. यासाठी अजून बटण नाही. एका मुलीनं सुई हातात घेतली आणि म्हणाली, “हे मेथी निवडल्यागत हाय की सर. द्या, मी निवडतो.” आमच्याकडं मुली ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, बाहेरचे हसतात, आम्ही नाही. आता वर्गात त्या कामाला निवडणंच म्हणतात. मुलं आधी लाजत होती. घरी कधी मेथीला हात लावला नव्हता, ते लगेच दिसलं.

या मुलीचे आजोबा एकदा तिला न्यायला आले. आयुष्यभर चपला केलेले. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते निवृत्त झाले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, पैलवानाभोवती एक फेरी मारली. “ह्येच्या पात्याला धार कुठं लावता गुरुजी?” मी सांगितलं, धार लावत नाहीत, बोथट झालं की टाकून नवं घालायचं. कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे ते गप्प झाले. त्यांची कातडं कापायची रापी अजून घरात आहे, नात सांगत होती.

मग त्यांनी टेबलावरची शीट उचलली. कुणीतरी बरोब्बर मधोमध एक चांदणी कापली होती, लाडूएवढी. “ह्ये मधीच का कापलंसा?”

मला उत्तर देता येईना. मधोमध कारण चित्र मधोमध असतं. चाळीस मुलं, चाळीस शीट, प्रत्येकीच्या पोटात एक भोक. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि शीटवर चपलेच्या तळव्यांचे आकार आखले. एकाचा चवडा दुसऱ्याच्या टाचेकडं, उलटसुलट, काठाला खेटून. त्यांत उरलेल्या बेचक्यांत चपलेचे कान बसवले. शेवटी मोकळी राहिलेली जागा करंगळीच्या नखाएवढी. “कातडं जनावरानं एकदाच दिल्यालं असतंय,” म्हणाले आणि नातीचं दप्तर घेऊन चालू लागले. मी त्या शीटला अजून हात लावू दिलेला नाही.

परवा मुख्याध्यापिका बाईंनी ग्रंथालयासाठी पाटी मागितली. ‘शांतता राखा’. वेल्ड केलं, कापलं, निवडलं, दारावर चिकटवलं आणि चार पावलं मागं सरलो. शातता राखा. अनुस्वार नको त्या भागाबरोबर गेला होता. मग त्या टिंबासाठी जो गोंधळ उडाला, कचऱ्याची टोपली उलटी झाली, बाकं सरकली, एकमेकांच्या कोपरांची झडती झाली, की बाई स्वतः आल्या. काही न बोलता त्यांनी पाटीकडं बोट केलं. मग पाटी वाचली.

टिंब त्या मुलीच्या कपाळावर होतं. “हरवंल म्हणून मीच लावून ठेवलो होतो,” ती म्हणाली. घामानं त्याचा चिकटपणा गेला होता. दारावर दोनदा दाबलं, दोनदा खाली पडलं.

“नवं कापूया,” रेडियमवाला म्हणाला आणि त्यानं नवी कोरी शीट काढली. तिनं ती त्याच्या हातून घेतली, परत ठेवली, कचऱ्यातून मधोमध चांदणीचं भोक असलेली शीट शोधली आणि तक्त्यावर डकवली.

“कोपऱ्यात घे,” ती म्हणाली. “अगदी कडंला.”

पैलवानानं शड्डू ठोकला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि एक टिंब कापलं.