ब्रेकला पाणी, ड्रायव्हरला चहा

शर्यत सुरू व्हायच्या आधी फॉर्म्युला वनच्या गाड्या ग्रिडवर उभ्या असतात, तेव्हा टीव्हीवर नीट बघत चला. गाडीच्या दोन्ही कुशींना पोरं ब्लोअर लावतात. त्यांत कोरडा बर्फ भरलेला असतो. तो गारठा रेडिएटरमध्ये सोडतात, ब्रेकच्या नळ्यांमध्ये सोडतात. गाडी उभी आहे, तिला वारा लागत नाही, तर तिचे हाल होऊ नयेत म्हणून ही तजवीज. टायरना मात्र विजेवर तापणारी पांघरुणं, कारण त्यांना गारवा सोसत नाही. आणि या सगळ्या सरबराईच्या मधोमध एक माणूस बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरतं. थोड्या वेळाने ती छत्रीही काढून घेतात.

माझी तक्रार इथून सुरू होते. मी गेली बरीच वर्षं साध्या, बंद टपाच्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घेतो. पुण्यात राहायचं आणि गाडी पळवायला कोइमतूरला नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जायचं, असा हा कारभार. तेव्हा उकाड्याबद्दल मी जे बोलतो ते ऐकीव नाही.

आधी कपडे बघा. आगीपासून बचाव म्हणून नोमेक्स नावाच्या धाग्याचे लांब बाह्यांचे बनियन, लांब विजार, मोजे, तोंडावर फक्त डोळ्यांपुरती खिडकी असलेली टोपी. त्यावर थराथरांचा सूट. मग हातमोजे, बूट, हेल्मेट. आगीपासून बचाव झालाच पाहिजे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण जे कापड बाहेरची आग आत येऊ देत नाही ते आतली आगही बाहेर जाऊ देत नाही, ही बाब कोणाच्या टिपणीत येत नाही. माणसाच्या अंगाकडे गार होण्याचा मुख्य उपाय एकच: घाम यायचा आणि तो वाळायचा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम लगेच वाळतो म्हणून माणूस तग धरतो. मुंबईत तो वाळतच नाही, म्हणून तेहतीस अंशांतच जीव नकोसा होतो. सूटमध्ये मे महिन्यातली मुंबई असते. बाहेर नागपूर असो की स्वित्झर्लंड.

इरुंगट्टुकोट्टईला पॅडॉकच्या पत्र्याखाली हा सूट चढवताना पहिली गोष्ट कळते ती ही, की बनियन अर्ध्यातच अंगाला चिकटतं. ते खाली ओढायला दुसरा माणूस लागतो. मग गाडीत शिरायचं, पट्टे आवळून घ्यायचे आणि रांगेत जाऊन उभं राहायचं. एसी वजन कमी करायला म्हणून आधीच काढून टाकलेला असतो. इंजिन बंद, काचा बंद, डोक्यावर लोखंडी टप. समोरचा अधिकारी झाडाच्या सावलीत उभा राहून एक बोट वर करतो. म्हणजे अजून एक मिनिट. ते मिनिट केव्हा संपेल हे सर्वस्वी त्याच्या अखत्यारीत.

आणि मग हीटर. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून सावकाश सांगतो. शर्यतीत इंजिन तापायला लागलं, काटा लाल खुणेकडे सरकला, की पिटमधून निरोप येतो: हीटर पूर्ण उघड, ब्लोअर जोरात ठेव. कारण गाडीचा हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच; इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि त्याची उष्णता आत ड्रायव्हरच्या अंगावर येते. तेवढंच इंजिन सुटतं. म्हणजे चेन्नईच्या हवेत, एवढे कपडे घालून, आपण स्वतःच्या पायांवर हीटर लावायचा, कारण गाडीला उकडतंय. मी लावतो. लावलाच पाहिजे, नाहीतर इंजिन जातं. पण या सेवेची नोंद कुठे होते का? इंजिन गार करणाऱ्या साधनांच्या यादीत पंखा आहे, रेडिएटर आहे, थर्मोस्टॅट आहे. मी नाही.

वरच्या दर्जाच्या शर्यतींत तरी बरं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. म्हणून जुनी दप्तरं काढून बसलो.

१६ जानेवारी १९५५, ब्वेनोस आयरेस. अर्जेंटिनात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. हवा चाळिशीच्या आसपास, शर्यत ९६ फेऱ्यांची, चालली तीन तास. माणसं इतकी भाजून निघाली, की एकाने गाडी थांबवायची, उतरायचं आणि त्याच गाडीत दुसऱ्याने बसायचं, असं सुरू झालं. तेव्हा त्याला परवानगी होती. शेवटपर्यंत एकट्याने गाडी चालवून शर्यत पूर्ण करणारे दोघंच, हुआन मान्वेल फांजिओ आणि रोबेर्तो मिएरेस. दोघंही तिथलेच. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीवर तीन नावं आहेत, तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीवरही तीन, आणि फारिना आणि त्रँतिन्यां ही दोन नावं दोन्ही गाड्यांवर आहेत. स्टर्लिंग मॉसची गाडी बंद पडली म्हणून तो बाजूला जरा आडवा झाला, तर रुग्णवाहिकेच्या लोकांनी उष्माघाताचा रोगी समजून त्याला उचलून नेलं. तिथून सुटून तो परत आला आणि संघाच्या दुसऱ्या गाडीत बसला. फांजिओ जिंकला, तापलेल्या सांगाड्याला लागून त्याचा पाय भाजला होता. एवढं झाल्यावर कोणीतरी दुसऱ्या दिवशी बैठक बोलवायला हवी होती. विषय एकच: माणसाला गार कसं ठेवायचं.

बैठक झाली नाही. ८ जुलै १९८४ ला टेक्सासमधल्या डॅलसला, भर उन्हाळ्यात, शहरातल्या रस्त्यांवर शर्यत ठेवली. ऊन टळावं म्हणून सुरुवात सकाळी अकराला, आणि त्यासाठी सराव सकाळी सातला. त्या वेळेचा निषेध म्हणून झाक लाफित पायजम्यावर आला. मला तो माणूस फार आवडतो. अकराला सुरू करूनही ऊन काही टळलं नाही. डांबर उखडायला लागलं. पहिल्या जागेवरून निघालेल्या नायजेल मॅन्सेलची गाडी शेवटच्या फेरीत बंद पडली, तो उतरून ती ढकलत रेषेकडे निघाला आणि मध्येच बेशुद्ध होऊन कोसळला. त्याला सहावा क्रमांक मिळाला. आणि जिंकलं कोण? केके रोझबर्ग. त्याने हेल्मेटखाली एक टोपी घातली होती, तिच्यातून गार पाणी फिरत होतं. म्हणजे उपाय १९८४ सालीच उपलब्ध होता, चालतही होता, आणि तो घालणारा माणूस पहिला आला होता. याहून ठळक पुरावा कोणत्या कार्यालयाला लागतो?

पण माझं डोकं खरं फिरवलं ते त्याच्या दोन वर्षं आधीच्या ब्राझीलच्या शर्यतीने. २१ मार्च १९८२, रिओ. नेल्सन पिके पहिला आला आणि पारितोषिकाच्या व्यासपीठावरच भोवळ येऊन पडला. आता ऐका. त्याच्या गाडीत पाण्याची टाकी होती. चांगली मोठी. कागदोपत्री ती ब्रेक गार करायला होती. प्रत्यक्षात पाणी सुरुवातीच्या फेऱ्यांतच फवारून टाकायचं, बाकीची शर्यत हलक्या गाडीने पळवायची आणि किमान वजनाच्या तपासणीआधी टाकी पुन्हा भरायची, कारण तेव्हाच्या नियमांत द्रव भरून घ्यायची सोय होती. रोझबर्गच्या गाडीतही हीच व्यवस्था. पुढे दोघंही बाद झाले आणि पहिला क्रमांक आलाँ प्रोस्टला गेला. वजनाच्या लबाडीवर सगळ्यांनी भरपूर लिहिलं आहे. मला दिसतं ते वेगळंच: गाडीत पाणी होतं. पाणी गाडीतून बाहेर रस्त्यावर जात होतं. आणि ते पाणी घेऊन जाणारा माणूस उकाड्याने कोसळला.

प्यायच्या पाण्याचं म्हणाल तर ती सोय आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत एक पिशवी असते, तिची नळी हेल्मेटमध्ये येते, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पंप सुरू होतो. पण पिशवी असते त्याच कॉकपिटमध्ये, जिथे पारा पन्नाशीपलीकडे जातो, इलेक्ट्रॉनिक्सचे डबे तापलेले असतात, हायड्रॉलिकच्या नळ्या तापलेल्या असतात. त्यामुळे थोड्याच फेऱ्यांत आतलं पेय गरम होतं. कित्येक ड्रायव्हरांनी त्याला चहाच म्हटलं आहे. आपल्याकडे चहा मागवला तरच चहा येतो. तिथे माणूस पाणी मागतो आणि त्याला चहा मिळतो, तोही आल्याशिवाय. काहीजण तर वजन वाचवायला पिशवी रिकामीच ठेवतात.

वजन. सगळा अन्याय अखेर या एका शब्दापाशी येऊन अडतो. माणसाला गार करायची कोणतीही वस्तू आणा, ती आधी काट्यावर ठेवली जाते. किती किलो? दोन? मग एवढ्या किलोंनी फेरीमागे किती वेळ जाईल? प्रस्ताव फेटाळला. हा काटा किती निष्ठुर आहे ते २०२४ च्या बेल्जियमच्या शर्यतीत दिसलं: जॉर्ज रसेल पहिला आला आणि गाडी दीड किलोने हलकी भरली म्हणून बाद झाला. उकाड्याच्या शर्यतीत एकेका माणसाच्या अंगातून दोन-तीन किलो घाम जातो. तो त्याने शर्यतीसाठीच दिलेला असतो, आणि वजन करतात गाडी आणि माणूस मिळून. म्हणूनच शर्यत संपल्यावर ड्रायव्हर मुद्दाम रस्त्याच्या कडेकडेने गाडी नेतात. तिथे पडलेले रबराचे तुकडे टायरना चिकटावेत आणि चार ग्रॅमांची भर पडावी म्हणून. घाम मोजायचा नाही आणि रबर मोजायचं!

मग ८ ऑक्टोबर २०२३ उजाडला. कतार, लुसैल. शर्यत रात्रीची, सूर्याचा संबंध नाही, हवा तीस-एकतीस अंश, पण दमट. त्यात टायरच्या सुरक्षिततेसाठी एका संचावर जास्तीत जास्त अठराच फेऱ्या असं बंधन आलं, त्यामुळे टायर जपत हळू चालवायचं कारणच उरलं नाही; ५७ च्या ५७ फेऱ्या जिवाच्या करारावर. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, तरी त्याने शर्यत पूर्ण केली. लोगन सार्जंटला मध्येच थांबावं लागलं. लान्स स्ट्रोलने सांगितलं, की वेगवान वळणांवर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. अलेक्स अल्बनला वैद्यकीय केंद्रात न्यावं लागलं. फर्नांदो अलोन्सोची सीट इतकी तापली, की त्याने रेडिओवर विनंती केली: पिटमध्ये थांबेन तेव्हा माझ्या अंगावर पाणीबिणी काहीतरी टाका. जगातल्या सर्वांत महागड्या खेळात, दोन वेळचा जगज्जेता, तांब्याभर पाणी मागतोय.

यानंतर एकदाची यंत्रणा हलली. २०२५ पासून नियम आला, की शर्यतीच्या वेळी उष्मा निर्देशांक ३१ अंशांवर जाईल असा अंदाज असेल तर उष्णतेचा धोका जाहीर करायचा, गाडीत ड्रायव्हरला गार करणारी यंत्रणा बसवायची आणि किमान वजन पाच किलोंनी वाढवून द्यायचं. हा निर्देशांक हवेचं तापमान आणि दमटपणा मिळून काढतात. हवा २८ अंश आणि दमटपणा ७५ टक्के असला तरी तो ३१ च्या घरात जातो. त्या हिशोबाने दादर स्टेशनवर वर्षातला बराचसा काळ उष्णतेचा धोका जाहीर करावा लागेल, आणि करावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली घोषणा झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला. यंत्रणा म्हणजे आत बारीक नळ्या शिवलेला अंगरखा आणि त्या नळ्यांतून गार द्रव फिरवणारा पंप. डॅलसच्या त्या टोपीनंतर एक्केचाळीस वर्षांनी.

आणि तरीही २०२५ मध्ये अंगरखा घालणं ऐच्छिक ठेवलं. नळ्या पट्ट्यांखाली टोचतात म्हणून काहींना तो नको. ड्रायव्हरांपैकी व्हेरस्टापेनने उघड नापसंती दाखवली. ठीक आहे, ज्याला नको त्याने घालू नये. पण त्याने अर्धा किलो जादा वजन गाडीत ठेवायचं, म्हणजे कोणाचा फायदा नको. इथेसुद्धा काटा आलाच. नळ्या टोचतात हेही खरं आहे. आमच्यातल्या एकाने असा अंगरखा आणला, शेजारच्या सीटच्या जागी बर्फाची पेटी बांधली, छोटा पंप लावला. पहिली दहा मिनिटं तो स्वर्गात होता. मग बर्फ वितळला आणि पंप इमानाने गरम पाणी फिरवत राहिला, पुढची सगळी शर्यत, छातीवरून पाठीकडे आणि पाठीवरून छातीकडे. बटण हाताला लागत नव्हतं, कारण पट्टे आवळलेले.

म्हणून मी आमच्या शर्यतींच्या आयोजकांकडे लेखी अर्ज दिला आहे. एक, बर्फाची पेटी आणि पंप यांचं वजन गाडीच्या वजनात धरू नये. दोन, पंपाचं बटण स्टिअरिंगवर घ्यायला परवानगी असावी. तीन, रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांवर साधं शेडनेट टाकावं, जसं नर्सरीत रोपांवर टाकतात तसंच. खर्च किरकोळ आहे, कोटेशन जोडलं आहे. चार, एक बोट वर करून उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्यानेही त्याच उन्हात उभं राहावं, म्हणजे मिनिट साठ सेकंदांचंच होईल. अर्जाची पोच मिळाली आहे. चौथ्या मुद्द्याबाबत खुलासा मागवला आहे. तो मी दोन पानी लिहून पाठवतो आहे.