कारंज्याला जार, पाहुण्याला अर्धा ग्लास

परभणीला भरभराट उत्तरेकडूनच येणार, यावर शहरातल्या तमाम फेंगशुईवाल्यांचं एकमत झालंय. म्हणून दिवाणखान्याच्या उत्तर भिंतीला फायबरचा डोंगर, डोंगरातून धबधबा आणि धबधब्याखाली तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक. येलदरीचं धरणही उत्तरेलाच आहे. पण तिथं कुणी बेडूक बसवला नाही, मग नळाला पाणी कुठून यायचं?

कारंज्याची पथ्यं बाळंतिणीपेक्षा कडक. धार घराच्या आत वळलेली हवी. दाराकडे वळली की पैसा चालला. पाणी शिळं नको, थांबलेलं तर नकोच. बोअरचं घातलं तर क्षार धरतात, आठवडाभरात डोंगर पांढराफटक होतो, मोटर घरघरते, आणि मोटर घरघरली की घरात भांडणं. म्हणून कारंज्याला फिल्टरचा वीस लिटरचा जार.

हा जार काही माझ्या डोक्यातून जात नाही. मे महिन्यात पारा 44 वर असताना जिंतूर रोडवरून भाजून निघत तुम्ही काकांकडे टेकता. वहिनी अर्धा ग्लास पाणी आणतात, ‘लागलं तर मागा हं’ म्हणतात आणि आत निघून जातात. समोर बेडूक गळ्यापर्यंत बुडून बसलेला. उन्हानं पातळी बोटभर उतरली की काका उठून त्याला तांब्याभर पाणी घालतात. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी कारंजं, मग पंखा. कूलरला मात्र बोअरचंच. वाळ्याला वास मारला तरी चालतं. वास्तविक कूलरमध्येही मोटर आहे, फिरतं पाणी आहे, वर गार वारा फुकट. पण तो पडला दक्षिणेच्या खिडकीत, आणि त्यात बेडूक बसलाच तर खरा असतो.

आणि हेच काका नळ आले की पाइपाला टिल्लू मोटर लावतात! फेंगशुईत वारा आणि पाणी दोन्हींना मान. पाणी ह्यांच्या हौदात, वारा शेजारच्या नळात. शेजारची म्हातारी घागर घेऊन दारात आली, तर तिन्हीसांजेला पाणी दिल्यानं लक्ष्मी जाते म्हणे. चोरून ओढलेलं पाणी ती लक्ष्मी, आणि म्हातारीनं मागितलेलं ते अवलक्षण? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ह्याच काकांनी थेंबाथेंबावर व्याख्यानं झोडली होती.

सेलू तालुक्यातल्या वालूरला बारव आहे, पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. गावकऱ्यांनी तिचा गाळ-कचरा उपसला, होकायंत्राशिवाय. काकांना म्हटलं, चला एकदा बघायला. म्हणाले, ‘तिथं पाणी खोल आहे हो, पैसा वर कसा येणार?’

जारवाल्याचं बरं चाललंय. दुकान दक्षिणमुखी आहे त्याचं.