डबाकेंद्री सहल : एक अल्पसा प्रबंध

१९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते. त्याच तारखेला, १४७३ साली, पोलंडमधल्या तोरून गावी निकोलस कोपर्निकस जन्मला. या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही. तरी प्रबंधाची सुरुवात योगायोगाने करावी असा विद्वानांचा शिरस्ता आहे, आणि आमच्याकडे आणखी दोन शिल्लक आहेत. दिल्लीतलं जुनं महाराष्ट्र सदन ज्या रस्त्यावर आहे, तो कोपर्निकस मार्ग. इंग्रजांच्या काळात तो लिटन रोड होता. व्हाइसरॉय गेला, खगोलशास्त्रज्ञ आला. तिसरा योगायोग असा, की कोपर्निकसची पाचशेवी जयंती १९७३ साली आली आणि त्याच वर्षी देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तारीख १ एप्रिल होती, तरी प्रकल्प खरा निघाला.

तर शिवजयंती, कोपर्निकस आणि वाघ या तिघांना एका सूत्रात गुंफणं एवढंच आता उरतं. ते सूत्र म्हणजे सदनाच्या फाटकासमोर, जानेवारीतल्या एका शनिवारी, पहाटे साडेपाचला जमलेला (म्हणजे पावणेसातला जमलेला) आमचा एकोणीस जणांचा गट.

मूळ ठराव आफ्रिकेचा होता. आमच्या मंडळात एक जोडपं कुठल्याशा टूर कंपनीबरोबर मसाई मारा करून आलेलं आहे आणि तेव्हापासून त्यांच्याकडे चहाला गेलं की चहाआधी सिंह बघावा लागतो. ‘आपणही सगळे जाऊ, शनिवार-रविवार जोडून,’ असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. खजिनदारांनी हिशेब मांडला. नैरोबीला पोचायचं, तिथून पुढे मारापर्यंत पाच-सहा तास गाडीने हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि सोमवारी नऊला शास्त्री भवनात बायोमेट्रिकवर अंगठा ठेवायचा. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे जाताना अडीच तास फायदा, अशी एक बाजू पुढे आली. येताना तेच अडीच तास परत द्यावे लागतात हे लक्षात आल्यावर ती मागे घेण्यात आली. शेवटी पिवळ्या तापाच्या लशीने निकाल लावला. ती निघण्यापूर्वी दहा दिवस टोचून घ्यावी लागते. दोन दिवसांच्या सहलीसाठी दहा दिवस आधी दंड दुखवून घ्यायचा, हे प्रमाण कुणाला पटेना.

तेव्हा ‘आफ्रिकन सफारी कॅम्प’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा ठेवून आफ्रिका तेवढी बदलायची ठरली. सवाई माधोपूरला, रणथंभोरच्या कडेला, असे तंबू मिळतात.

इथे व्युत्पत्तीचा विचार क्रमप्राप्त आहे. सफारी हा स्वाहिली शब्द, अर्थ प्रवास. तो तिथे अरबी ‘सफर’वरून गेला आणि आपल्याकडे सफर त्याच घराण्यातून फारसीच्या हाताने आली. म्हणजे सफर आणि सफारी या मावसबहिणी. नात्यागोत्यात एवढ्यावर थांबत नाही. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’ म्हणतात. चहा ‘चाय’ आणि पोळी ‘चपाती’च. ज्या भाषेत गाडी, दुकान, विमा, चहा आणि पोळी आहे, तिथे मराठी मध्यमवर्गाचं काही अडायचं कारण नाही.

परंतु दिल्लीत सफारी म्हणजे मुळात कापड. बाह्या अर्ध्या, खिसे चार, रंग राखी किंवा बदामी. ही जमात साठ-सत्तर वर्षांमागे आफ्रिकेच्या पोशाखावरून निघाली आणि हळूहळू सरकारी कचेऱ्यांत स्थिरावली. आज तिचा नैसर्गिक अधिवास विचाराल तर कोपर्निकस मार्ग. मंडी हाउसच्या गोलापासून इंडिया गेटकडे चालत निघा. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह, पंजाब भवन, हरियाणा भवन, आमचं सदन, फरीदकोट हाउसमधला राष्ट्रीय हरित लवाद. एखादा मंत्री उतरणार असला की गाडीच्या चार कोपऱ्यांना चार सफारी उभ्या दिसतात, कानात वायर घातलेल्या. त्या कळपाने राहतात, सावलीत थांबतात आणि धोका जाणवला की एकदम मान वळवतात. निरीक्षणाला तिकीट लागत नाही.

खऱ्या आफ्रिकन प्राण्यासाठीही फार लांब जावं लागत नव्हतं. पुराना किल्ल्याला लागून असलेल्या प्राणिसंग्रहालयात शंकर नावाचा आफ्रिकन हत्ती होता. झिंबाब्वेने राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांना दिलेली भेट, १९९८ साली आला. त्याची सोबतीण लवकर गेली आणि पुढची कितीतरी वर्षं तो एकटाच झुलत उभा असे. २०२५ च्या सप्टेंबरात तोही गेला. या प्रबंधात त्याला नीट जागा नाही, पण त्याला गाळून पुढे जाणं जमलं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. सहल कशाभोवती फिरते?

टॉलेमीच्या परंपरेतले पंडित सांगतात की जंगलसहल वाघाभोवती फिरते. हा पूर्वपक्ष. वाघ मध्ये, भोवती जिप्सी, त्यांच्या भोवती कँटर, बाहेरच्या कक्षेत रिसॉर्ट आणि अगदी कडेला स्थिर ताऱ्यांसारखे मगर आणि मोर. ही मांडणी देखणी आहे, पण प्रत्यक्ष नोंदींशी जुळत नाही. पहिल्या दिवसाच्या आमच्या नोंदी अशा: पहिला डबा उघडला तो धौला कुआँ येण्याआधी. त्यात दशम्या. दुसरा सोहन्याला, एक्सप्रेसवेवर चढताना. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं. हा दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे दौशापर्यंत २०२३ च्या फेब्रुवारीत खुला झाला आणि इतका गुळगुळीत आहे की ताकही सांडत नाही. तिसऱ्या डब्याला नेमकी वेळ देता येत नाही, कारण तो बंदच झाला नाही, भडंग होतं. या सर्व काळात वाघाचा उल्लेख एकदा झाला, तोही ‘वाघाला काय, तो दिसला तर दिसला’ असा.

तंबू खरोखर आफ्रिकन होता. म्हणजे कॅनव्हासच्या भिंतीवर जिराफाचं चित्र होतं, आत मच्छरदाणीचा पलंग, पितळी कंदिलात वीज, आणि करौलीच्या बाजूचा वाटणारा एक मुलगा खाकी टोपी घालून ‘जांबो’ म्हणत होता. थोरल्या काकूंनी त्याला ‘राम राम’ केलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. रात्री थंडी कडाक्याची. जेवून आलो तर प्रत्येकाच्या पांघरुणात काहीतरी गरम लागलं. आफ्रिकेतल्या कॅम्पांमध्ये थंड रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, ती चाल इथेही उचललेली होती. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री शेजारच्या तंबूतून काकूंचा आवाज आला, “अहो, कुणाचीतरी शेकायची पिशवी राहिलीय आपल्याकडे! बघा बरं, कुणाची कंबर दुखत असेल.” मग काका कानटोपी चढवून, बॅटरी घेऊन, ती पिशवी हातात धरून सहा तंबू फिरले. प्रत्येक तंबूत तशीच एक पिशवी होती आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यामागोमाग डब्यातलं काहीतरी पुढे करण्यात आलं. काका परत आले तेव्हा त्यांच्या खिशात पिशवीखेरीज दोन शेंगदाण्याचे लाडू, एक खजूर आणि आल्याची वडी होती. कक्षेतला ग्रह भोवतालची धूळ गोळा करत जातो असं म्हणतात ते हेच.

निर्णायक पुरावा मात्र रविवारी सकाळी मिळाला. कँटरमध्ये वीस आसनं, एकोणीस आम्ही. जंगलात खायचं नाही, हे गाइडने फाटकावरच बजावलं होतं आणि ते योग्यच आहे. पण नियम आणि मराठी पर्स यांच्यात एक चोरकप्पा असतो. तलावाच्या बाजूला सांबराचा कॉल झाला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गवतात, साठ-सत्तर पावलांवर, वाघीण बसलेली. आमच्या आधीच दहा-बारा जिप्सी तिथे गोलात उभ्या. कुणी श्वासही घेईना. त्या निःशब्दात मागच्या बाकावरून एक स्पष्ट, कोरडा, खमंग आवाज आला.

कट्‌.

चकली. भाजणीची. गाइड दातांतल्या दातांत म्हणाला, “मॅडम, प्लीज़!” आणि त्याच क्षणी वाघिणीचा उजवा कान वळला. तोंड नाही, डोळे नाहीत. फक्त कान, आणि तो बरोबर आमच्या मागच्या बाकाकडे. दहा-बारा जिप्सींतल्या दुर्बिणी वाघिणीकडे आणि वाघीण चकलीकडे. टॉलेमीची सगळी वर्तुळं तिथेच मोडली. आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याचं म्हणणं, की कानावर माशी बसली होती. ही शंका प्रामाणिक असली तरी जानेवारीत सकाळी सातला माश्या कुठून आल्या, याचं उत्तर त्यांना देता आलेलं नाही.

यानंतर वाघीण उठून गेली. आमच्याकडे तिचे एकूण अकरा फोटो आहेत. नऊंमध्ये पुढच्या बाकावरची कानटोपी आहे. दहाव्यात शेपूट. अकराव्यात चकली पुढे करणारा हात, बांगडीसकट, स्वच्छ फोकसमध्ये.

परतताना रणथंभोरच्या किल्ल्यात त्रिनेत्र गणेशाचं दर्शन घेतलं. गावोगावचे लोक लग्नाची पहिली पत्रिका इथे टपालाने पाठवतात. जंगलात न बोललेला सगळा गट किल्ल्याच्या पायऱ्यांवर एकदम बोलू लागला आणि प्रसादाचा लाडू कुणाच्या वाट्याला किती, यावर थोडी हालचाल झाली.

इथवर सिद्धान्त डबाकेंद्री म्हणून उभा राहतो. पण खरं कोपर्निकसपण पुढे आहे. कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला असं आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या गणितात वर्तुळांचा मध्य थेट सूर्यावर येत नाही. जरा बाजूला, पृथ्वीच्या कक्षेच्या केंद्रावर पडतो. आमच्या नोंदींतही नेमका हाच घोळ निघाला. शनिवारी रात्री शेकोटीभोवती सगळे बसले तेव्हा वर्तुळ एका बाजूला फुगलेलं होतं. शेकोटी मध्ये नव्हती. डबाही नव्हता, तो मिटून पिशवीत गेला होता. मोजून पाहिलं तर मध्य थोरल्या काकूंच्या खुर्चीपासून दीड हात अंतरावर, जिथे पिशवी ठेवलेली होती आणि जिथून ‘अरे, तू काहीच घेतलं नाहीस’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी येत होतं. डबा हा भासमान मध्य. खरा मध्य तो कुणाच्या हातात आहे यावर ठरतो. काका तेवढे उपवर्तुळात फिरत होते, पण ते पिशव्यांच्या कारणाने.

हे सगळं छापायला मी कचरत होतो. कोपर्निकसही कचरत होता. त्याच्या कल्पनेचं छोटं टिपण १५१४ च्या सुमाराला चार मित्रांत फिरलं आणि ग्रंथ छापून आला १५४३ साली, तो मरणाच्या दारात असताना. त्याला भीती पंडितांच्या हसण्याची होती. मला काकूंची. हस्तलिखित त्यांनी वाचलं. माशीचा मुद्दा त्यांना पटला नाही, आणि चकली भाजणीची नसून बटर चकली होती एवढी दुरुस्ती त्यांनी सुचवली. ती इथे स्वीकारतो.

पुढची सहल फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, सदनाच्या फाटकापासून, सकाळी साडेपाच. ज्यांना यायचंय त्यांनी खजिनदारांकडे वर्गणी भरताना डब्यात काय आणणार तेही लिहून द्यावं. या वेळी शेंगदाण्याची चटणी सात घरांतून आली होती आणि दही कुणीच आणलं नव्हतं.