फर्गीलाही वेळ लागला होता

मँचेस्टर युनायटेडचा मराठी चाहता आता चाळिशीकडे झुकलेला असतो. डोंबिवली, कोथरूड, नाशिक, कुठेही सापडतो. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या मैदानावर शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी भरपाई वेळेत दोन गोल ठोकून बायर्न म्युनिकच्या हातचा चॅम्पियन्स लीग करंडक हिसकावला, तेव्हा भारतात पहाटेचे दोन वाजले होते आणि हा शाळकरी पोरगा टीव्हीचा आवाज बंद करून जागा होता. आयुष्याचं वाटोळं व्हायला तेवढी एक रात्र पुरली.

२०१३ मध्ये कोच सर अ‍ॅलेक्स फर्गसन, म्हणजे फर्गी, तेरा प्रीमियर लीग विजेतेपदं मिळवून निवृत्त झाले. तेव्हापासून अधिक महिना पावणेतीन वर्षांनी येतो आणि युनायटेडचा नवा कोच बहुधा त्याच्याही आधी.

नवा कोच ठरला की हा गृहस्थ आठवडाभर ऑफिसात असून नसल्यासारखा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम स्पोर्टिंग लिस्बनहून आला, तेव्हा ह्याने पोर्तुगालचा आख्खा फुटबॉल चार दिवसांत पालथा घातला. स्पोर्टिंगला १९ वर्षांनी लीग कोणी जिंकून दिली? अमोरिमने. जाता जाता मँचेस्टर सिटीला ४-१ कोणी धुतलं? अमोरिमने. हा दुसरा प्रश्न मुद्दाम जेवणाच्या टेबलावर विचारला जातो, कारण घरातला दहा वर्षांचा चिरंजीव सिटीवाला आहे. तो शांतपणे विचारतो, "बाबा, तुम्ही शेवटची लीग कधी जिंकलात?" बाप आमटी वाढून घेतो.

मग प्रात्यक्षिक. अमोरिमची ३-४-३ रचना तोंडी समजत नाही, म्हणून वाट्या मांडल्या जातात. मागे आमटीच्या तीन वाट्या, लोणच्याची बरणी गोलरक्षक, कडेला कोशिंबिरीचं भांडं हा डावा विंगबॅक. "हा सबंध पट्टा एकटा सांभाळतो, वर पण जातो, खाली पण येतो," असं सांगत असतानाच आई विंगबॅक उचलते आणि नातवाच्या पानात कोशिंबीर वाढते. युनायटेडची डावी बाजू पुढे प्रत्यक्षातही बऱ्याचदा अशीच मोकळी पडली, ही गोष्ट वेगळी.

ह्याचा हुकमी एक्का म्हणजे फर्गी. "फर्गी आला नोव्हेंबर ८६ ला. लीग कधी जिंकली? ९३ ला! साडेसहा वर्षं! नव्वदच्या जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने तो गोल मारला नसता तर त्यालाही नारळ मिळाला असता, असं लोक अजून म्हणतात." हे भाषण मॉइसच्या वेळी झालं, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग यांच्याही वेळी झालं. ऑफिसातला लिव्हरपूलवाला ते ऐकून घेतो आणि आपल्या कोचबद्दल एवढंच म्हणतो, "स्लॉट. पहिलाच हंगाम." २०२५ ची लीग लिव्हरपूलने जिंकली, विजेतेपदांचा आकडा वीस झाला आणि युनायटेडशी बरोबरीही. त्या दिवशी ह्याने डबा जागेवरच खाल्ला.

भाषणाची मुदत साधारण सहा महिने. मॉइसला तर सहा वर्षांचा करार होता, स्टेडियममध्ये 'निवडलेला' म्हणून त्याचा बॅनर होता. वर्षाच्या आत चाहत्यांनी त्याच्या निषेधाचा फलक विमानाला बांधून ओल्ड ट्रॅफर्डवरून फिरवला, आणि महिन्याभरात तो गेला. व्हॅन हालने एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत घरी बसला. अमोरिम आपली रचना सोडत नाही म्हटल्यावर हा त्याला आधी तत्त्वनिष्ठ म्हणत होता. मे २०२५ मध्ये संघ पंधरावा आला, बिलबाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची अंतिम लढत गेली, तेव्हा तोच माणूस हेकट ठरला. ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने पेनल्टीवर १२-११ ने बाहेर काढलं, त्यानंतर हा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पुढे अमोरिमने, खुद्द पोपने सांगितलं तरी मी बदलणार नाही, असं जाहीर केल्यावर ह्याने भिंतीकडे बघून हात जोडले.

कबूल करायला हवं की ह्या सगळ्यात त्याचं ज्ञान खरोखर वाढतं. बातमीतल्या तीन ओळींवर मत बनवणाऱ्यांतला तो नाही. पास कुठून तुटतो, बचावपटू कधी अर्धा सेकंद उशिरा वळतो, हे त्याला आपल्या गृहकर्जाच्या हप्त्यांपेक्षा नीट ठाऊक असतं. फक्त निष्कर्ष काढताना ते ज्ञान उपयोगी पडत नाही. तिथे पुन्हा नव्याण्णवची पहाट आडवी येते.

एकदा आईने सहज विचारलं, "काढून टाकलं की ह्या कोचांचं पुढे काय होतं रे?" त्याने सांगितलं, की मोरिन्योला आणि त्याच्या साथीदारांना घालवण्यात क्लबचे १ कोटी ९६ लाख पौंड गेले. आईने रुपयांत विचारलं. त्याने मोबाइलवर गुणाकार करून दाखवला.

"आणि तू शनिवारी रात्री फुकट जागतोस?" म्हणून ती लसूण सोलायला गेली. तोवर त्याने पुढच्या संभाव्य कोचची माहिती उघडली होती.