शुद्धिपत्र, आवृत्ती २०१७
सर्व्हर सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत पोर्टचा आकडा चुकला, की कंपनी पुढच्या आवृत्तीत तो गुपचूप दुरुस्त करते. सरकारी पुस्तिकेला एवढी घाई नसते. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात. दोन्ही आवृत्त्या एकदमच चालू! गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं एप्रिल २०११मध्ये, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. तांत्रिक साहाय्य इतक्या वरून कुठली कंपनी पाठवते? २०१७मध्ये झाडाच्या व्याख्येतून बांबू अखेर वगळला. सुटका मात्र जंगलाबाहेरच्या बांबूची. जंगलातल्याने जुनीच पुस्तिका वाचावी.